पाचवं उत्तर

१

अनुयाच्या घरात सकाळचा पहिला चहा माणसांचा आणि दुसरा यंत्रांचा असे. यंत्रांना चहा लागत नाही हे खरं, पण दुसरा कप हातात घेतल्याशिवाय ती लॅपटॉपसमोर बसत नसे, आणि ती बसल्याशिवाय दिघीच्या टेकडीवरच्या वायरलेस खोलीचा दिवस सुरू होत नसे. नागावला आपल्या वाडीत, पोफळींच्या गारव्यात बसून खाडीपलीकडची यंत्रं हलवायची, हा तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, अजेयचा, धंदा होता. मच्छीमारांच्या एका संस्थेने टेकडीवर खोली बांधून तिथे वायरलेस बसवला होता. समुद्रात गेलेल्या होड्यांना हवामानाचा इशारा तिथूनच जाई. तो सांभाळायचं कंत्राट या दोघांकडे. अजेय तिथे जाऊन तारा जोडायचा, अनुया घरून हुकूम सोडायची.

हुकूम सोडायचा म्हणजे पॅकेट पाठवायचं. त्या पॅकेटची एक ठरलेली घडी असते. आधी सुरुवातीची खूण, मग कोणाला, मग कोणाकडून, मग काय करायचं, आणि शेवटी संपल्याची खूण. नमस्कार-चमत्कार नाही, ख्यालीखुशाली नाही. खोलीतली सगळी यंत्रं एकाच तारेवर, त्यामुळे ऐकू सगळ्यांनाच जातं, पण ज्याचा नंबर पुकारला त्यानेच हलायचं. काम झालं की ते ‘ठीक’ म्हणतं, नाही जमलं तर ‘नाही’ म्हणतं. आणि विचारल्याशिवाय कोणी बोलायचं नाही, हा तिथला सगळ्यात मोठा नियम.

"आपल्या घरात ही पद्धत आणू या का?" अनुया विचारायची.

"आण की. दोन दिवसांत वेड लागेल तुला," अजेय म्हणायचा.

ते खरंच होतं. अजेय बोलायला लागला की त्याला आवर नसे. दाढी करताना बोले, नारळ सोलताना बोले, झोपेत तर हटकून बोले. त्याला गप्प बस म्हणून सांगून सांगून अनुयाचा घसा दुखायचा, पण तो कामाला बाहेर गेला की घर तिला खायला उठायचं. हे मात्र तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं.

टेकडीवर यंत्रं चार होती: मोठा सेट, राखीव सेट, अँटेना फिरवणारी मोटर आणि पॉवर सप्लाय. रोज सकाळी अनुया चौघांना एकेक करून विचारी, चौघं एकेक करून ‘ठीक’ म्हणत, आणि तेवढ्यात तिचा चहा संपे.

२

दिवाळी होऊन गेल्यावर पॉवर सप्लाय जळाला. अजेय नवा घेऊन सकाळीच निघाला, आगरदांड्याहून फेरीबोट धरून दिघीला उतरला आणि टेकडी चढून गेला. दुपारी त्याचा फोन आला. फोन स्पीकरवर ठेवून तो काम करत होता आणि अर्थातच बोलत होता. खालच्या मनुबाईने भाकरी खायला घातली, तिच्या चटणीने कानातून धूर निघाला, फेरीवर एक बोकड होता, असं काय काय.

"जोडला का?" अनुयाने मध्येच विचारलं.

"जोडला. थांब, एक स्क्रू राहिलाय. तारेला हात आहे माझा."

नव्या यंत्राचा नंबर तिला माहीत नव्हता. अजेयला मागची पट्टी वाचायला लावून तो विचारून घ्यायचा, ही खरी रीत. पण त्याला विचारलं की तो पट्टीवरून आणखी कशावर तरी जाणार. पॅकेटमध्ये ‘कोणाला’च्या जागी शून्य टाकलं की ते सगळ्यांना जातं. अनुयाने शून्य टाकलं आणि पुढे हुकूम लिहिला: कोण आहे? जो असेल त्याने आपला नंबर सांगावा.

तिने बटण दाबलं. चार उत्तरं आली. मग जरा थांबून पाचवं आलं.

फोनवर अजेय बोकडाचं पुढे काय झालं ते सांगत होता. तो वाक्याच्या मध्येच थांबला.

"अजेय?" ती म्हणाली.

फोनवर फक्त पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"अजेय, ऐकतोयस ना?"

"ठीक," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

३

संध्याकाळी तो घरी आला, हातपाय धुऊन जेवला आणि झोपला. दमला असेल, अनुयाने मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ओटीवर चहा नेला. "घेतोस ना?" तिने विचारलं. तो समोरच्या पोफळींकडे बघत बसला होता. तिने पुन्हा विचारलं. तो काही बोलला नाही, रागावलेला दिसला नाही, की ऐकलं नाही असंही वाटलं नाही.

"अजेय, चहा घेतोस ना?"

"चहा घेतोस ना," तो अगदी हळू पुटपुटला. मग म्हणाला, "घेतो."

तिला वाटलं, चेष्टा चाललीय. तीही हसली. पण दुपारी तसंच झालं, रात्रीही तसंच झालं. नाव घेतल्याशिवाय तो उत्तर देत नव्हता. नाव घेऊन विचारलं की आधी तिचा प्रश्न ओठातल्या ओठात म्हणायचा आणि मग एक-दोन शब्दांत उत्तर द्यायचा. स्वतःहून एक अक्षर नाही. पुढे पुढे तर सांगितल्याशिवाय हलेनासाही झाला. पण ऐकायचा मात्र मन लावून. ती बोलत असली की मान तिच्याकडे वळवून, डोळेसुद्धा न मिटता ऐकायचा. उभ्या संसारात तो असा कधी ऐकत बसला नव्हता.

अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सगळं उत्तम आहे म्हणून सांगितलं. "थोडे शांत झालेत एवढंच," त्या म्हणाल्या. "बायका यासाठी नवस करतात." अनुयाला त्यांचा राग आला.

तिकडे पडद्यावर तो पाचवा नंबर रोज दिसत होता. एकाच तारेवर पाठवलेलं कधी कधी उलटून परत येतं, तसा काहीतरी कचरा असेल, असं तिने स्वतःला समजावलं. तिने त्याला विचारलं, तू कोणत्या जातीचं यंत्र? उत्तरात सुरुवातीची खूण आली आणि संपल्याची खूण आली. मधली जागा कोरी होती.

मग एकदा दुपारी तिने काहीही न विचारता पाचव्याकडून पॅकेट आलं. त्यामागोमाग दुसरं आलं, तिसरं आलं. ‘कोणाला’च्या जागी तिचा नंबर होता. यंत्र स्वतःहून बोलत नाही. तिने लॅपटॉप मिटून ठेवला आणि विनाकारण स्वयंपाकघरातले सगळे डबे पुसून काढले.

४

संस्थेचा चिटणीस कमलेश फोनवर कधी ओरडत नसे. त्या दिवशी ओरडला.

"मॅडम, दादाला सांगा ना खाली उतरायला! सकाळपासून चॅनल अडवून बसलाय."

"कोण दादा?"

"अजेयदादा! वर सेटवर बसून बडबडतोय. चेष्टा आहे का? समुद्रात वादळ तयार होतंय, होड्या बाहेर आहेत, मला संध्याकाळच्या आत इशारा द्यायचाय. मधल्या मधे आमची माणसं जातील."

अनुयाने ओटीकडे पाहिलं. अजेय झोपाळ्यावर बसला होता. झोपाळा हलत नव्हता.

तिने टेकडीवरच्या सेटचा आवाज लॅपटॉपवर लावला. आधी खरखर, मग एकदम स्पष्ट:

"...फार उकडतंय गं इथे. लाईट गेली वाटतं. अनु, तो बोकड ना, शेवटी त्याच्या मालकालाच ढुशी देऊन पळाला, ते सांगायचं राहिलं. अनु, मनुबाईची चटणी आणतो येताना. आता कधी येता येईल कोण जाणे. अनु, दार लागलंय गं बाहेरून..."

तो अजेयचाच आवाज होता. त्या आवाजासाठी ती इतके दिवस झुरत होती. तिने माइक ओढून घेतला.

"अजेय!" ती माइकमध्ये म्हणाली. "अजेय, मी बोलतेय! कुठे आहेस तू?"

तो बोलतच राहिला. सेट बोलायच्या बाजूला असला की त्याला ऐकू येत नाही, एकावेळी एकच होतं. म्हणून तिने सेटला ऐकायच्या बाजूला टाकायचा हुकूम दिला. सेट ‘ठीक’ म्हणाला. तरी आवाज थांबला नाही. राखीव सेट लावला, तर त्याच्यावरही तोच आवाज. मग उपाय एकच होता. पाचव्या नंबराला सांगायचं: बंद.

तिने ते पॅकेट लिहिलं. सुरुवातीची खूण, पाचवा, तिचा नंबर, बंद, शेवटची खूण. बोट बटणावर ठेवलं आणि तिचं धाडस होईना. ती उठून ओटीवर गेली.

"अजेय, तू टेकडीवर आहेस का?"

"तू टेकडीवर आहेस का," तो पुटपुटला. "नाही."

"अजेय, मग तिथे कोण आहे?"

"मग तिथे कोण आहे." तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. "नाही," तो म्हणाला.

ते उत्तर होतं की यंत्रं जमलं नाही की म्हणतात ते ‘नाही’ होतं, हे तिला कळलं नाही. एक मात्र तिला लख्ख कळलं. तिला नवरा परत हवा होता, आणि तो कुठे आहे हे ठरवायला संध्याकाळपर्यंतचाच वेळ होता.

"अजेय, चप्पल घाल," ती म्हणाली. "अजेय, चल."

५

त्याला घेऊन जाणं सोपं होतं, आणि तेच भयंकर होतं. अजेय, गाडीत बस. अजेय, उतर. अजेय, इथे उभा राहा. आगरदांड्याच्या धक्क्यावर तिकीट काढायच्या गडबडीत ती सांगायची विसरली, तर तो उन्हात होता तसा उभा राहिला, आणि फेरी सुटायला आली तरी पाऊल उचललं नाही. फेरीवरची एक बाई अनुयाला म्हणाली, "किती ऐकतात हो तुमचे!" अनुयाने हसून मान हलवली. तिला रडू येत होतं.

टेकडीच्या पायथ्याशी मनुबाईचं घर. खोलीची चावी तिच्याकडे असे. अंगणात भात वाळत घातलं होतं. या दोघांना बघून ती उठली आणि एकदम मागे सरली. दाराच्या आत उभी राहून तिने अजेयकडे पाहिलं, मग अनुयाकडे पाहिलं.

"ह्यो हितं कसा?" ती म्हणाली. "ह्यो तं वर हाय."

"मनुबाई, काय म्हणताय?"

"त्या दिशी संध्याकाली खाली आला, अजेय, कुलूप लावलंस का इचारलं तं ‘लावलं’ म्हनाला, चावी दिली न गेला. मीच घेतली ना हातानं! दुसऱ्या सकाली वर शेळ्या घेऊन गेले तं आतून बोलतोय. मी म्हनलं, दुसऱ्या वाटेनं आला आसंल. रोज भाकर नेते. खिडकीच्या गजातून ताट सारते, रिकामं परत भेटतं. किती म्हनलं बाबा, काय पायजे, कुनाला सांगू? ऐकतच न्हाय. नुसता आपला बोलत ऱ्हातो."

"मग दार का नाही उघडलंत?"

"भ्याव वाटलं, बाय. पर उपाशी कसा ठेवू?"

ती आत गेली, चावी घेऊन आली आणि हात लांब करून अनुयाला दिली. मग जरा चाचरत विचारलं, "त्या दिशी तुमी कोनी तिथं ‘कोन हाय’ म्हनून पुकारलंत का? नाव न घेता?"

अनुयाला पॅकेटमध्ये टाकलेलं ते शून्य आठवलं.

"आमी रानात कंदी तसं पुकारत न्हाय," मनुबाई म्हणाली. "नावानं हाक मारतो. नाव घेतलं का तेवढाच येतो."

भाताकडे वळून तिने एका कडेला आलेल्या कोंबडीला हाकललं.

६

खोली लहान, सिमेंटची, पांढरा रंग उडालेली. एक दार, एक गजांची खिडकी. दारावर कुलूप होतं. आत पंखा घरघरत होता आणि यंत्रं चालू-बंद करणारा रिले टिकटिक करत होता. आणि अजेय बोलत होता.

"...अनु, नवा सप्लाय जरा तापतोय, पण चालेल. तुला सांगतो, या वेळी पावसाआधी खोलीला रंग काढायला पाहिजे..."

"अजेय!" तिने दारावर थाप मारली. "मी आलेय!"

बोलणं थांबलं नाही. तिच्या शेजारी उभा असलेला मात्र पुटपुटला, "मी आलेय." आणि म्हणाला, "ठीक."

खिशात फोन वाजत होता. कमलेश असणार. वारा पडला होता, समुद्र तेलकट दिसत होता आणि पश्चिमेला ढग काळवंडले होते. कोणत्या तरी होडीवर कोणाचा तरी नवरा या खोलीतून येणाऱ्या दोन शब्दांची वाट बघत होता. अनुयाने कुलूप काढून दार ढकललं.

उन्हातून आत बघताना आधी काहीच दिसलं नाही. मग सेटचे हिरवे दिवे दिसले आणि स्टुलावर दाराकडे पाठ करून बसलेला माणूस दिसला. त्याच्या अंगात निळा चौकड्यांचा सदरा होता. तोच सदरा सकाळी तिने स्वतः धुऊन, झटकून, नागावच्या दोरीवर वाळत घातला होता.

आता विचार करत बसले तर मी इथेच वेडी होईन, असं तिला स्पष्ट वाटलं. तिने विचार केला नाही. जो बोलतो तो माझा, एवढंच तिच्या मनात होतं.

"अजेय," ती शेजारच्याला म्हणाली, "आत जा."

"आत जा," तो पुटपुटला. या वेळी त्याने उत्तर द्यायला वेळ लावला. तिच्याकडे बघत राहिला, ती काही आणखी बोलेल म्हणून थांबल्यासारखा. मग म्हणाला, "ठीक."

तो आत गेला. तिने स्टुलावरच्या माणसाचं मनगट धरलं. ते कढत होतं. तिने त्याला ओढून उठवलं, बाहेर काढलं, दार लावून कुलूप घातलं. दोघं एकमेकांच्या शेजारून जाताना त्यांचे खांदे एकमेकांना लागायला हवे होते एवढी ती जागा अरुंद. ते लागले की नाही हे तिने पाहिलं नाही.

तिथेच कठड्याला टेकून तिने मोबाईलवर पॅकेट उघडलं. पाचवा नंबर, बंद. दाबलं. उत्तर लगेच आलं: ठीक. आत रिलेची एकदा टिक झाली आणि खोली शांत झाली. तिने पुन्हा सगळ्यांची हजेरी घेतली, या वेळी एकेकाला नंबराने विचारून. चारच उत्तरं आली.

पाच मिनिटांत मोबाईलवर कमलेशचा आवाज चॅनलवरून स्वच्छ ऐकू आला: सगळ्या होड्यांनी बंदराकडे वळावं. एकामागून एक होड्या ‘ऐकलं, ऐकलं’ म्हणू लागल्या. अनुया मटकन खाली बसली आणि रडली. शेजारी तिचा नवरा उन्हात डोळे बारीक करून बोलत होता आणि तिला वाटलं, बोल बाबा, जन्मभर बोल.

७

परतीच्या फेरीवर वारा सुटला होता. दोघं कठड्याशी बसली. त्याचा हात तिने एकदाही सोडला नव्हता. तो हात उबदार होता, नखात काळं होतं, अंगठ्यावर जुना व्रण होता. सगळं त्याचंच होतं.

"...आणि तो बोकड म्हणजे काय सांगू," तो म्हणाला.

"माहितीय, ढुशी मारली," ती हसत म्हणाली. "अजेय, मी किती घाबरले होते माहितीय? तू गेलास की घर खायला उठतं मला. कधी बोलले नाही. आता सांगते."

"मालकालाच ढुशी दिली त्याने," अजेय म्हणाला.

"अजेय, ऐक ना."

"फार उकडतंय गं इथे," तो म्हणाला. वाऱ्याने त्याचे केस कपाळावरून उडत होते. "लाईट गेली वाटतं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याचे डोळे तिच्याकडेच होते, पण ते तिच्या चेहऱ्याच्या थोडे अलीकडे थांबत होते. तिथे जणू भिंत असावी.

"अजेय," ती म्हणाली. मग ओरडली, "अजेय!" आजूबाजूच्यांनी वळून पाहिलं. त्याने नाही पाहिलं. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि पुन्हा पुन्हा त्याचं नाव घेतलं. तो खोलीला कोणता रंग द्यायचा ते सांगत होता.

तेव्हा तिला त्या दुसऱ्याची आठवण झाली. ओटीवर मान वळवून तिचा शब्द न् शब्द ऐकणारा. आत जा म्हटल्यावर तिच्याकडे बघत थांबलेला. ती काही आणखी बोलेल म्हणून थांबलेला.

तिने मोबाईल काढला. पाचवा नंबर, चालू. उत्तर नाही. पुन्हा दाबलं. उत्तर नाही. हे तिला दाबण्याआधीच ठाऊक होतं. बंद झालेल्या यंत्राला चालू हो म्हणून लांबून सांगता येत नाही, कारण ते ऐकत नसतं. तिथे जाऊन हाताने बटण दाबावं लागतं. आणि माणसाला बटण कुठे असतं? तिने तरी पुन्हा दाबलं. दिघीचा धक्का मागे राहिला होता आणि टेकडीवरची पांढरी खोली अजून दिसत होती.

अजेय बोलायचा थांबला. कितीतरी वेळाने थांबला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात भीती होती.

"अनु," तो म्हणाला, "इतके दिवस झाले, तू एक शब्द बोलत नाहीस. रागावलीस का गं माझ्यावर?"

ती बोलतच होती.